क्री-क्री-ओ! ॲमेझॉनच्या जंगलात कान फाडणारा राखाडी पक्षी (स्क्रीमिंग पिहा)

पायवाट (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. मी सध्या नोकरीसाठी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला असतो आणि ऑगस्टमध्ये चार दिवसांची सुट्टी जोडून ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराला जाऊन आलो. काळ्या आणि मातकट पाण्याच्या दोन नद्या शेजारी शेजारी वाहतात ते बघितलं, मासळीबाजार बघितला, पण त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते एका पक्ष्याबद्दल, जो जंगलात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ऐकू आला आणि दिसायला मात्र तिसरा दिवस उजाडला.

मनाउस शहराला अगदी चिकटून आदोल्फो दुके नावाचं राखीव जंगल आहे, साधारण १०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कएवढंच म्हणा, आणि तसंच एका अंगाने वस्त्या थेट कुंपणाला येऊन टेकलेल्या. त्याच्या एका कोपऱ्यात ॲमेझॉनचं संग्रहालय आहे आणि तिथे ४२ मीटर उंच मनोरा बांधलाय, त्यावर चढलं की झाडांच्या शेंड्यांच्याही वर येतो आपण. पहिल्या दिवशी सकाळी मी त्या मनोऱ्यावर होतो, धुकं अजून उठायचं होतं, आणि पायाखालच्या त्या हिरव्या गालिच्यातून एकदम आवाज आला: क्वी-क्वी-योऽऽ! चाबूक ओढावा तसा. मी दचकलोच. लगेच डावीकडून दुसरा, मग लांबून तिसरा. सगळे खालून. वर एकही नाही.

आमचा वाटाड्या मनाउसचाच, साठीला आलेला माणूस. तो म्हणाला, हा क्रिक्रिओ. इंग्रजीत स्क्रीमिंग पिहा. शास्त्रीय नाव लिपॉगस वोसिफेरान्स, त्यातल्या वोसिफेरान्सचा अर्थच मुळी आरडाओरडा करणारा. हे नाव दिलं जर्मनीतल्या विट-नॉयविडचा राजपुत्र माक्सिमिलियान याने १८२० मध्ये, तो १८१५ ते १८१७ ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याच्या जंगलांतून हिंडत होता.

दुसरा दिवस पूर्ण वाया. वाया म्हणजे दिसण्याच्या हिशेबाने. पायवाटेवर उभं राहायचं, आवाज समोरच्या झाडातून आल्यासारखा वाटायचा, दुर्बीण लावायची, काही नाही, तेवढ्यात तोच आवाज पाठीमागून. घामाने दुर्बिणीच्या काचा धुरकटतात त्या पुसायच्या, पुन्हा लावायची. मान दुखायला लागली. वाटाड्या मला सारखं सांगत होता की हलणारं काही शोधू नकोस, न हलणारं शोध.

तिसऱ्या दिवशी नऊ साडेनऊला त्याने माझं मनगट धरलं आणि बोटाने एक आडवी फांदी दाखवली, जमिनीपासून सात-आठ मीटरवर, म्हणजे शेंड्यात नाही आणि झुडपातही नाही, मधल्या अंधाऱ्या थरात. तिथे बसला होता. आपल्या सातभाईएवढा आणि तितकाच राखाडी, फक्त सातभाईचा गबाळेपणा नाही, अंग अगदी गुळगुळीत. ना तुरा, ना पट्टा, ना रंगाचा एक ठिपका. पोटाकडे जरा फिकट एवढंच. त्याच्याच कोटिंगा कुळात निळेजर्द आणि जांभळे पक्षी आहेत, कॉक-ऑफ-द-रॉकसारखा भडक नारिंगी आहे, आणि हा असा.

मग तो ओरडला. आधी दोन-तीन दबके हुंकार, ग्रू... ग्रू... हे लांबून कधीच ऐकू येत नाहीत, मला तर तोपर्यंत माहीतच नव्हतं की ते असतात. मानेखालची पिसं फुगली, अंग थोडं पुढे झुकलं, आणि मग डोकं झटक्यात मागे, चोच इतकी उघडली की चेहरा म्हणजे नुसती चोचच, क्वी-क्वी-योऽऽ! शेवटच्या सुराला शेपटी थरथरली. आणि परत गप्प, जणू काही झालंच नाही. साधारण अर्धा मिनिट. पुन्हा हुंकार, पुन्हा तेच. मी वीस मिनिटं तिथे होतो, तो फांदीवरून एक इंचही सरकला नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं होतं पण तिथून हलावंसं वाटेना.

फोनवर रेकॉर्डिंग केलंय पण आवाज फाटलाय, क्वी-क्वीच्या जागी नुसती खरखर. तरी कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तुम्हा पक्षीवाल्या लोकांकडून अजून माहिती यावी म्हणून हा धागा. मी जमेल तसं वाचून भर घालीन.

टिटवी:

मस्त लिहिलंयत! ते मानेखालची पिसं फुगणं अगदी डोळ्यासमोर आलं. तुमचा धागा वाचून इंटरनेटवर आवाज शोधला आणि ऐकल्या ऐकल्या म्हटलं अरे हा तर आपण हजार वेळा ऐकलाय, सिनेमात जंगल दाखवलं की मागे हाच असतो की! मला आजवर वाटायचं ते माकड आहे. आणि एक प्रश्न, पावशा आणि हा समोरासमोर बसवले तर कोण जिंकेल? आमच्या सोसायटीतला पावशा मे महिन्यात रात्री दोनला सुरू होतो, पेरते व्हा पेरते व्हा, झोपेचं खोबरं.

पायवाट:

धन्यवाद टिटवी. हो, सिनेमावाल्यांनी आणि जाहिरातवाल्यांनी हा आवाज "घनदाट जंगल" या खात्यात टाकून दिलाय, आणि गोष्ट आफ्रिकेत घडू दे नाहीतर आशियात, मागे हा ओरडतोच. मला हे मनापासून खटकतं. हा पक्षी दक्षिण अमेरिका सोडून जगात कुठेही नाही. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना, संपलं. तिथल्या लोकांच्या लहानपणीचा आवाज आहे तो. आपल्याकडे शाळेच्या वाटेवर तांबट टुक-टुक करतो तसा. उद्या कोणी तांबटाचा आवाज अलास्कातल्या सिनेमात टाकला तर आपल्याला कसं वाटेल?

पावशाचं जाणकार सांगतीलच, पण मला तरी तुलनाच होऊ शकत नाही असं वाटलं. पावशाचा आवाज चढत चढत जातो, याचा एकदम अंगावर येतो.

ध्वनीवेडा:

मी साउंड रेकॉर्डिंगमध्ये काम करतो म्हणून आकड्यांबद्दल थोडं लिहितो, कारण डेसिबल म्हटलं की गोंधळ ठरलेला.

स्क्रीमिंग पिहाचा आवाज नीट मोजलाय शास्त्रज्ञांनी, एक मीटर अंतरावर साधारण १११ ते ११६ डेसिबल. आता यातलं "एक मीटर अंतरावर" हे शब्द लोक गाळतात आणि मग सगळंच चुकतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. म्हणजे एक मीटरवर ११६ असेल तर दोन मीटरवर ११०, चारवर १०४, आठवर ९८. पायवाट तुम्ही त्या फांदीपासून समजा आठ-दहा मीटरवर असाल तर तुमच्या कानाशी ९५ च्या पुढेमागे आवाज येत होता, लाकूड कापायचं करवत यंत्र शेजारी चालू असल्यासारखं. दडे बसणारच. आणि हे ७०-८० ग्रॅमच्या जिवाचं काम!

फोनमधल्या डेसिबल ॲपवर मात्र अजिबात विसंबू नका, फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज आला की तो स्वतःच दाबून टाकतो नाहीतर फाटतो. तुमची खरखर त्यामुळेच. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग लेव्हल हाताने कमी करता येईल असं ॲप घ्या आणि फार जवळ जाऊ नका, लांबचं रेकॉर्डिंग जास्त चांगलं येईल.

अजून एक. तुम्ही लिहिलंय की आवाज समोरून वाटायचा आणि मग पाठीमागून. दाट जंगलात खोडांवरून, पानांवरून आवाज आपटून येतो, त्यात यांचे सूर शिट्टीसारखे, आणि एकाच वेळी चार नर ओरडतायत. कानाला दिशा लावायला जे लागतं ते सगळंच गढूळ होतं. तुमच्या वाटाड्याचा सल्ला सोन्यासारखा आहे.

माळरान:

मी वाशीमकडचा. पक्ष्यांचा अभ्यासक वगैरे नाही, पण शेतावर असतो त्यामुळे माळावरचे पक्षी माहीत आहेत.

धाग्यात चार नर एकाच भागात ओरडतात असं आलंय, म्हणजे हे लेक असावं. नर एका ठराविक जागी जमतात, आपापली जागा धरून मादीसाठी प्रदर्शन करतात, मादी येऊन निवड करते आणि निघून जाते, त्याला लेक म्हणतात, स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ खेळ. आमच्याकडे तणमोराचं असंच आहे. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी मारतो, गवताच्या वर दिसला की लगेच खाली, दिवसाला शेकडो उड्या. आणि हे नर एकमेकांना चिकटून नसतात, बरेच अंतर ठेवून असतात.

माझ्या डोक्यात आलं ते असं की तणमोराला कमरेएवढं गवत आहे, वर उडी मारली की लांबून दिसते. या पिहाला तर दहा हातांपलीकडचं दिसत नाही, तो उडी मारून काय करणार. त्याला ओरडण्याशिवाय दुसरा मार्गच नाही. म्हणून सगळा खर्च आवाजावर, अंगावर रंगाचा एक पैसा नाही.

तणमोर आमच्याकडे आता महामुश्किलीने दिसतो. पोरगा विचारतो बाबा कुठे आहे, मी त्याला गवताची पट्टी दाखवतो फक्त.

शेकरू:

माळराननी फार मोलाचं लिहिलंय. पिहाचं लेकही विखुरलेलंच असतं, नरांमध्ये बरंच अंतर, एकमेकांना ऐकू येतील पण दिसणार नाहीत असे. दिवसाचा मोठा भाग नर तिथेच काढतो.

आता थोडी वाईट बातमी देतो पायवाट, तुमच्या पक्ष्याचा पहिला नंबर गेलाय :) २०१९ पर्यंत सगळ्यात मोठा आवाज असलेला पक्षी म्हणून पिहाचंच नाव घेत. मग जेफ पोडोस आणि मारियो कोन-हाफ्ट (हे कोन-हाफ्ट मनाउसच्याच संशोधन संस्थेतले) या दोघांनी उत्तर ब्राझीलमधल्या रोराइमा राज्यात एका डोंगरावर जाऊन पांढऱ्या बेलबर्डचा आवाज मोजला. कुळ तेच, कोटिंगा. आकडा आला १२५ डेसिबल, पिहापेक्षा नऊने जास्त.

नर पांढराशुभ्र, पारव्याहून जरासा लहान, आणि चोचीच्या मुळापासून एक काळी दोरीसारखी लोंबती कातडी. त्याची गाणी दोन प्रकारची, त्यातलं दुसरं फार मोठं. गंमत म्हणजे ते मोठं गाणं तो मादी जवळ येऊन बसली की गातो. पहिला सूर तिच्याकडे पाठ करून, मग गर्रकन वळतो आणि दुसरा सूर बरोबर तिच्या तोंडावर. ती बिचारी त्याआधीच मागे सरकते. तरी ऐकायला येते.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. गाणं जेवढं मोठं, तेवढं ते आखूड. म्हणजे दम तेवढाच, तो एकतर लांबवा नाहीतर एकाच फटक्यात सोडा. कोन-हाफ्ट यांच्या हातात हा पक्षी आला तेव्हा त्याच्या पोटाचे स्नायू बघून ते चक्रावले होते, फार जाड आणि घट्ट. सगळा जोर तिथून येत असावा.

ध्वनीवेडा:

नऊ डेसिबल ऐकायला थोडे वाटतात म्हणून सांगतो, आवाजाचा दाब जवळजवळ तिप्पट होतो आणि ऊर्जा आठपट. मादी चार मीटरवर बसली असं धरलं तरी तिच्या कानावर ११३ येणार. माझ्या स्टुडिओत कोणी हेडफोनवर ११३ लावले तर मी त्याला बाहेर काढीन.

टिटवी:

मग ती बहिरी होत नाही का?? आणि तो स्वतः? त्याच्या तर कानाखालीच चाललंय सगळं.

कर्णफूल:

कान-नाक-घसा माझाच विषय म्हणून उत्तर देते.

आपल्या कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसांसारख्या पेशी असतात, आवाजाची लाट त्यांना हलवते आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात, कानात शिट्टी वाजतेय म्हणून, तेव्हा मला त्यांना हेच सांगावं लागतं की जे गेलं ते गेलं.

पक्ष्यांमध्ये या पेशी परत उगवतात. कोंबडी आणि लाव्यावर प्रयोग करून १९८८ मध्ये हे दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं. कानाच्या संशोधनात ती फार मोठी घटना होती, कारण तोपर्यंत उष्ण रक्ताच्या प्राण्यात हे होतच नाही असं धरलेलं होतं. आज जगात बहिरेपणावर औषध शोधणारे कितीतरी लोक कोंबडीच्या पिल्लाच्या कानात बघत बसलेत, ते यामुळे.

पिहा किंवा बेलबर्डच्या कानात नेमकं काय होतं त्यावर मी काही वाचलेलं नाही म्हणून बोलत नाही, पण पक्ष्याच्या कानाला ही सोय आहे हे नक्की. माणसाच्या नाही. ध्वनीवेडा, तुमच्या स्टुडिओतल्या मुलांना बाहेर काढताच ते बरोबर आहे.

गोंयकार:

धागा आवडला. मी मडगावचा. आमच्या घरात आजी-आजोबांच्या पिढीला पोर्तुगीज यायचं, मला मोडकंतोडकं येतं, म्हणून या पक्ष्याची ब्राझीलमधली नावं शोधली. क्रिक्रिओ तर आवाजावरूनच. दुसरं नाव आहे सेरिंगेइरो, म्हणजे रबराचा चीक काढणारा माणूस. रबराची झाडं जंगलात लांब लांब असतात, ती माणसं पहाटे एकटी निघायची आणि त्यांच्या सोबतीला हाच आवाज असणार.

तिसरं नाव वाचून मी थांबलो. कापितांव-दो-मातो. शब्दशः रानाचा कप्तान, ऐकायला छान वाटतं. पण ब्राझीलमध्ये गुलामगिरी होती तेव्हा मळ्यातून पळालेल्या गुलामांना जंगलात शोधून पकडून आणणारा जो भाडोत्री माणूस असायचा, त्याला कापितांव-दो-मातो म्हणायचे. गुलामगिरी तिथे १८८८ ला संपली. पक्ष्याचं नाव राहिलं.

पायवाट, तुमच्या वाटाड्याला याबद्दल काही विचारलं होतं का?

पायवाट:

गोंयकार, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आता मला त्याचं एक वाक्य कळलं. त्याने वाटेत दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवून दाखवली होती, आणि लगेच तीन बाजूंनी क्वी-क्वी-यो. काही मोठा आवाज झाला, फांदी मोडली, झाड पडलं की हे उत्तर दिल्यासारखे ओरडतात. तो म्हणाला होता, "जंगलात कोण आलंय हे हा सगळ्यांना सांगतो." मी तेव्हा हसलो होतो. आता विचार करतोय की जीव मुठीत धरून त्या झाडीत लपलेल्या माणसाच्या पायाखाली काटकी मोडली असेल आणि वरून हा ओरडला असेल तर त्याचं काय झालं असेल. पक्ष्याला त्यातलं काही ठाऊक नाही. माणसांनी आपली भीती त्याच्या नावात ठेवली.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत याच्या जातभाईंना गार्दाबोस्के म्हणतात, रानाचा राखणदार. आवाज तोच, ऐकणारा कोण आहे त्यावर नाव.

ओवी_झूलॉजी:

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझे दोन प्रश्न. (१) नर आणि मादी दोन्ही राखाडी असतील तर तुम्ही बघितलेला नरच हे कशावरून? (२) नर दिवसभर लेकवर बसून ओरडतो तर घरट्याचं कोण बघतं?

पायवाट:

ओवी, पहिल्याचं उत्तर सोपं, ओरडत होता म्हणून. गप्प बसलेला असता तर वाटाड्यालाही सांगता आलं नसतं. मी ज्या वीस मिनिटांत तिथे होतो त्यात अजून एक राखाडी पक्षी आला, शेजारच्या झाडावर दोन मिनिटं बसला, गेला. मादी होती का शेजारचा नर, देव जाणे.

दुसऱ्याचं: सगळं मादी बघते. घरटं म्हणजे काटक्यांची इवलीशी बैठक, अंडं एकच. नराचा घराशी संबंध नाही.

शेकरू:

ओवी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे एक सुंदर विचार आहे, तो वाच. डेव्हिड स्नो आणि बार्बरा स्नो हे इंग्रज जोडपं १९५० च्या दशकाच्या शेवटी त्रिनिदादमध्ये आणि मग गयानामध्ये लेकवाल्या पक्ष्यांचा अभ्यास करत होतं. डेव्हिड स्नोंचं म्हणणं असं की किडा खाणाऱ्या पक्ष्याला किडा शोधावा लागतो, कारण किडा लपतो. फळ लपत नाही, उलट पक्ष्याने यावं, खावं आणि बी लांब नेऊन टाकावं हीच झाडाची इच्छा. मग फळं खाणाऱ्याचं पोट थोड्या वेळात भरतं. एकच पिल्लू असेल तर मादी एकटी वाढवू शकते. आणि नर मोकळा. मोकळा म्हणजे दिवसभर दुसऱ्या नरांशी चढाओढ करायला मोकळा. हे ओरडणं म्हणजे त्या फळांवरचं व्याज आहे म्हण.

पिहा फळांबरोबर मोठे किडेही खातो, हवेत क्षणभर फडफडत राहून पानावरून उचलतो. पण मुख्य भिस्त फळांवर.

अजून एक गोष्ट तुला अभ्यासाला उपयोगी पडेल. २००८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याच पिहाच्या आवाजांची तपासणी केली, तर प्रत्येक नराचा आवाज वेगळा ओळखता आला, आणि एका लेकवरचे नर दुसऱ्या लेकवरच्या नरांपेक्षा एकमेकांशी जास्त मिळतेजुळते निघाले. या गटातल्या पक्ष्यांना गाणं उपजत येतं, शिकावं लागत नाही, असं आपण पुस्तकात वाचतो ना? त्यावर हे प्रश्नचिन्ह आहे. बेलबर्डच्या बाबतीत तर पक्कं आहे की ते शिकतात. ब्राझीलमध्ये पिंजऱ्यात दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांसोबत वाढलेला एक बेलबर्ड त्यांच्यासारखाच गायला लागला होता.

ओवी_झूलॉजी:

बापरे, हे आम्हाला अजून उलटंच शिकवतात. उद्याच सरांना विचारते. वाचनखूण साठवली आहे!

टिटवी:

अवांतर: तो पिंजऱ्यातला बेलबर्ड पांढराच का?

शेकरू:

नाही, तो त्याचा भाऊबंद, उघड्या गळ्याचा बेलबर्ड, ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याच्या जंगलातला. गळा आणि चेहरा हिरवट निळा, पिसं नाहीत तिथे. तिकडे त्याला आरापोंगा म्हणतात आणि अजून एक नाव आहे फेरेइरो, म्हणजे लोहार, ऐरणीवर घण मारल्यासारखा आवाज म्हणून. आपण तांब्याच्या भांड्यावर ठोके ऐकले आणि तांबट म्हटलं, त्यांनी लोखंडावर ऐकले. आवाजासाठीच त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवतात, हे दुःख.

गोंयकार:

फेरेइरो! आमच्याकडे हे आडनाव आहे, फेरेरा. त्याचंही मूळ लोखंडातच.

माळरान:

पायवाट, या पिहाची स्थिती कशी आहे? संख्या बरी आहे का?

पायवाट:

माळरान, ॲमेझॉनमध्ये अजून बरी आहे, धोक्याच्या यादीत नाही. पण याची एक तुटलेली शाखा आहे, पूर्व किनाऱ्याच्या जंगलात, बाहिया, पेर्नाम्बुको या बाजूला. मधे शेकडो किलोमीटर कोरडा, काटेरी मुलूख, पिहा तो ओलांडत नाही. म्हणजे कधीकाळी दोन्ही जंगलं जोडलेली असणार, त्या काळची ही खूण. राजपुत्राने १८२० मध्ये नाव दिलं ते किनाऱ्याकडच्याच पक्ष्याला. आणि ते किनाऱ्याचं जंगल उसासाठी, गुरांसाठी, शहरांसाठी इतकं तोडलंय की आता तुकडे उरलेत. मी साओ पाउलोहून ईशान्येला गेलो होतो तेव्हा गाडीतून तासन् तास नुसता ऊस बघितलाय, आणि मधेच टेकडीच्या डोक्यावर टोपीसारखं उरलेलं रान. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ऊस बघून बरं वाटायला हवं, मला नाही वाटलं.

याचाच एक चुलतभाऊ कोलंबियात आहे, तांबूस टोपीचा पिहा. अंतिओकिया प्रांतात १९९९ साली सापडला, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन तीस वर्षं झाल्यावर, आणि २००१ मध्ये त्याला नाव मिळालं. तिथले लोक अरिएरितो म्हणतात, म्हणजे छोटा खेचरवाला, कारण आवाज खेचरं हाकणाऱ्या माणसाच्या शिट्टीसारखा. तो मात्र फार थोडा उरलाय, डोंगरउतारावरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. त्याच्यासाठी २००६ मध्ये एक राखीव जंगल केलंय, पक्ष्याच्याच नावाने.

ध्वनीवेडा:

पायवाट, तुमचं फाटकं रेकॉर्डिंग मिळालं. क्वी-क्वी तर गेलं, ते परत येत नाही. पण आधीचे हुंकार मी वेगळे काढून वर उचलले, स्वच्छ आलेत! ग्रू... ग्रू... आणि मधे तुमच्या श्वासाचा आवाज आहे, आणि एक डास. व्यनि केलंय.

पायवाट:

ऐकलं. चार वेळा ऐकलं. आईला फोनवरून ऐकवलं, ती म्हणाली घुमणाऱ्या कबुतरासारखं आहे. अगदी बरोबर. मनापासून आभार.

अटलांटिकपार:

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफ करा, पण राहवलं नाही.

मी फ्रेंच गयानात कुरूला आहे, तीन महिन्यांच्या कामावर. गावात समुद्र आणि गवताळ भाग, त्यामुळे जंगल रोज दिसत नाही. दर रविवारी आम्ही काही जण काकाओ नावाच्या गावी जातो, तिथे लाओसहून आलेल्या हमोंग लोकांची वस्ती आहे, त्यांचा भाजीबाजार भरतो, कोथिंबीर मिळते! रस्ता दाट जंगलातून. पहिल्या रविवारी गाडी थांबवून खाली उतरलो तेव्हा हा आवाज ऐकला आणि मला वाटलं कोणीतरी माणूस आत अडकलाय आणि शिट्टी मारून बोलावतोय. मी खरंच हाक मारली. उत्तर आलं! तेव्हा सोबतचा तिथलाच ड्रायव्हर म्हणाला, पायपायो आहे, चला. मी नाव कुठेतरी लिहून ठेवलं आणि विसरलो.

काल तुमचा धागा वाचला, आज परत त्याच वळणावर थांबलो. टाळी वाजवली. डावीकडे एक, लांब उजवीकडे दोन. रस्ता सोडून आत शिरलो, दहा-पंधरा पावलं असतील, ओल्या पानांवर पाय सरकत होता, एका खोडाला टेकून उभा राहिलो. न हलणारं शोधायचं म्हणून मधल्या थरात एकेक फांदी बघत गेलो. पंचवीस मिनिटं. पक्षी दिसला नाही.

पण हुंकार ऐकले. दोन, आणि मग थांबून तिसरा.

पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन जातोय.